आखूड पंखांच्या बहात्तर

आनुवंशशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला एक गोष्ट शिकवली जाते, जी कुठल्याच पुस्तकात नाही. पोरं तिला ‘चिमूट’ म्हणतात. माश्यांच्या प्रयोगाचं उत्तर आधीपासून ठरलेलं असतं: नातवंडांच्या पिढीत लांब पंखांच्या माश्या पाऊण, आखूड पंखांच्या पाव. मग आपल्या बाटल्यांतून काहीही निघो, एकूण आकड्याला चारने भागायचं आणि येईल त्या उत्तरात दोन-तीनची चूक चिमूटभर टाकायची. अगदी तंतोतंत आलं तर मास्तरांना संशय येतो, म्हणून ही चिमूट. वरच्या वर्गातली पोरं खालच्या वर्गाला ही विद्या मोठ्या मायेने देतात, आणि ती घेताना कुणी लाजल्याचं अजून तरी ऐकिवात नाही.

धाकटीलाही ती मिळाली होती. तिने वहीच्या मागच्या पानावर नीट लिहूनही घेतली, आणि मग खुळ्यासारख्या माश्या मोजत बसली.

धाकटी हे तिचं घरचं नाव. ते वर्गातही पडलं, कारण प्रयोगशाळेतल्या उंच स्टुलावर बसली की तिचे पाय जमिनीला लागत नसत. घरात विद्यापीठाचं तोंड पाहिलेली ती पहिलीच. त्यामुळे तिला एक खोड होती: सांगितलेलं सगळं ती खरंच करायची. माशी कोशातून बाहेर पडली की आठ तासांच्या आत मादी वेगळी काढायला हवी, नाहीतर ती कुणाशी जुळली हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही, असं सरांनी पहिल्या दिवशी सांगितलं. बाकीच्यांनी ते ऐकलं. धाकटी पंधरा दिवस पहाटेची पहिली बस पकडून येत राहिली. आखूड पंखांच्या माद्या तिने वेगळ्या काढल्या, लांब पंखांच्या नरांशी जुळवल्या, त्यांची पिल्लं वाढवली, पिल्लांची पिल्लं वाढवली. मग बाटली इथरच्या बोळ्यावर धरायची, माश्या गुंगल्या की पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर ओतायच्या, भिंगाखाली बारीक ब्रशने एकेक बाजूला सारायची. लांब इकडे, आखूड तिकडे. इथरने डोकं भणभणायचं आणि केसांना यीस्टचा वास लागायचा. घरी तिच्याशेजारी कुणी बसायला तयार नसे.

एकूण निघाल्या चारशे बारा. त्यातल्या लांब पंखांच्या तीनशे चाळीस, आखूड पंखांच्या बहात्तर.

हव्या होत्या तीनशे नऊ आणि एकशे तीन. म्हणजे एकतीस आखूड माश्यांचा खड्डा. तो चिमटीने भरणारा नव्हता, त्याला फावडं लागलं असतं.

मोजलेल्या माश्या वर्गातले सगळे अल्कोहोलच्या एका मोठ्या सामाईक बरणीत ओतत. तिला ‘पेन्शनची बरणी’ म्हणत. आयुष्यभर सेवा केलेल्या माश्या तिथे निवांत पडायच्या. धाकटीने त्या दिवशी आपल्या माश्या तिच्यात टाकल्या नाहीत. आपल्याच आकड्यावर आपला विश्वास बसत नाही, म्हणून तिने दोन छोट्या कुप्यांत त्या भरल्या, वर चिठ्ठ्या डकवल्या आणि वहीत जे निघालं तेच लिहिलं.

सोमवारी सरांनी तिला बोलावून घेतलं.

सरांना सगळे पाऊणसर म्हणत. पाऊण-पाव, पाऊण-पाव असं ते इतक्या वेळा म्हणायचे की दुसरं नाव पडणं शक्यच नव्हतं. माणूस वाईट नव्हता. पोरांना नापास करायला त्यांना आवडत नसे, आणि म्हणूनच की काय, पोरांच्या वह्यांत ते फार खोल बघत नसत. चौदा वर्षं त्यांच्या वर्गात हा प्रयोग एकदाही चुकला नव्हता. ही गोष्ट ते अभिमानाने सांगत. चौदा वर्षांत एकदाही न चुकणारा प्रयोग म्हणजे काय चीज असते, हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता.

“हे काय गं?” त्यांनी वही उघडून तिच्यापुढे सरकवली.

“माझा आकडा, सर.”

“तो दिसतोय. बरोबर आकडा कुठाय?”

“एवढाच आहे.”

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. “तुझ्या माद्या कुमारी नव्हत्या. आधीच कुठेतरी जुळून आल्या होत्या. सकाळी उशीर झाला असणार, दुसरं काय.”

धाकटीच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. पंधरा पहाटा तिच्या डोळ्यांपुढून गेल्या. “माद्या आखूड पंखांच्या होत्या, सर. त्या आपल्याच भावांशी जुळल्या असत्या तर पहिल्याच पिढीत आखूड पिल्लं निघाली असती. एकही निघालं नाही. दोनशे सहा पाहिल्या, सगळ्या लांब.”

हे बिनतोड होतं आणि सरांना ते कळलं. कळलं म्हणूनच त्यांचा आवाज चढला.

“हे बघ, शुक्रवारी तोंडी परीक्षा आहे. बाहेरच्या परीक्षक येणार आहेत. त्यांच्यापुढे मी हे ठेवायचं? वर्गातल्या अकरा जणांचं बरोबर येतं आणि हिच्याच माश्यांना काय धाड भरली? गुरुवारपर्यंत पान बदलून आण. नाहीतर या प्रयोगाला शून्य. शून्य म्हणजे प्रात्यक्षिकात नापास, आणि प्रात्यक्षिकात नापास म्हणजे अख्खं वर्ष गेलं. तुझं तू बघ.”

“पान बदललं तर माश्या बदलतील का, सर?”

“बाहेर हो,” सर म्हणाले.

घरी तिने आईला सांगितलं. आई बटणांच्या कारखान्यात तपासनीस होती. बावीस वर्षं तिच्या हाताखालून बटणं सरकत होती: तडा गेलेलं बाजूला, भोक तिरकं पडलेलं बाजूला, रंग उडालेलं बाजूला. कारखान्यात तिच्या नावाने मशीनवाले बोटं मोडत. अशी बाई आपल्या बाजूने उभी राहील, असं धाकटीने गृहीत धरलं होतं.

“लिहून टाक आणि मोकळी हो,” आई म्हणाली.

“आई!”

“आई काय? अकरा जणांनी लिहिलं ना? त्यांची बोटं झडली?”

“तू सोडशील का एक तरी तडकलेलं बटण?”

“बटण कुणाला नापास करत नाही.” आईने हातातली कपड्यांची घडी जरा जोरातच खाली ठेवली. “तुझी ही शेवटची परीक्षा आहे, हे मी अख्ख्या कारखान्याला सांगून बसलेय. एका माशीपायी वर्ष घालवणार? माशी गं! घरात आली तर फडक्याने मारतो आपण तिला.”

“एक नाही, एकतीस.”

“आणि वर हिशेब शिकवतेय मला! अगं, तूच मोजताना चुकली असशील. लहानपणी जिन्याच्या पायऱ्या दर वेळी वेगळ्या मोजायचीस. एकदा चौदा, एकदा सतरा.”

हे मात्र लागलं. सरांनी म्हटलं ते वेगळं, पण आईने मोजण्यावरच बोट ठेवलं. धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते आलं म्हणून तिला आणखी राग आला.

“मग तू मोज,” ती म्हणाली. “ये विद्यापीठात आणि मोज. आहेत माझ्याकडे सगळ्या. तुझ्या हातून एकशे तीन निघाल्या, तर तिथल्या तिथे पान फाडते.”

आईने ती घडी उलगडली आणि परत घातली. बावीस वर्षांत ‘तू मोज’ असं आव्हान तिला कुणी दिलं नव्हतं. मोजायला लावू नका, अशीच विनवणी सगळे करायचे.

गुरुवारी तीनला पाळी सुटल्यावर आई कारखान्यातून परस्पर विद्यापीठात आली. कामाचा निळा डगला अंगात, खांद्याला पिशवी. प्रयोगशाळेच्या दारात ती एक क्षण थबकली. लेकीची इतकी वर्षं या इमारतीत गेली होती आणि तिने ती आतून पाहिली नव्हती.

प्रयोगशाळेचे मामा आत बाटल्या विसळत होते. मामा म्हणजे तिथले जुने मदतनीस. माश्यांचं अन्न तेच शिजवायचे. मक्याचं पीठ, साखर, यीस्ट आणि ते सगळं घट्ट धरून ठेवणारी अगारची पूड, असं एका मोठ्या पातेल्यात रटारटा ढवळून बाटल्यांत ओतायचे. त्यांनी आईला स्टूल दिलं आणि भिंगाचा दिवा लावून दिला.

आईने भिंगात डोळा घातला आणि दचकून मागे सरली. “अगं बाई! केवढाले डोळे हिचे!”

“पंख बघ, आई.”

“बघते. घाई करू नकोस.”

पहिल्या पन्नासात ती चाचपडली. ब्रश तिला बटणांच्या चिमट्यासारखा धरायचा होता, तो तसा धरता येईना. मग हाताला लय सापडली. दहा-दहाचे ढीग फरशीवर पडू लागले, इतके सारखे की पट्टीने आखल्यासारखे. ओठ हलत नव्हते, मान हलत नव्हती. धाकटीला वाटलं, वर्गात कुणालाही हे असं जमणार नाही, आणि आपल्यालाही नाही. मामा बाटल्या विसळायचे थांबून बघत उभे राहिले.

“ताई, बोलू का जरा?” थोड्या वेळाने ते म्हणाले.

“मोजताना नको,” आई म्हणाली.

मग ते धाकटीला बाजूला घेऊन पुटपुटले. यंदा अगार कमी आली होती. पूड पुरवून पुरवून वापरली, आणि अन्न पातळ झालं. लांब पंखांची माशी त्यात रुतली तरी फडफडून सुटते. आखूड पंखांची काय सुटणार? बाटल्या विसळताना तळाच्या चिखलात त्यांना माश्याच माश्या दिसल्या होत्या, पण पंख ओळखू येतील अशा अवस्थेत त्या नव्हत्या.

“माझ्याच बाटल्यांत?” धाकटीने विचारलं.

“छे! पातेलं एकच की. सगळ्यांच्याच.” मामांनी मान खाली घातली. “माझं नाव लिही हवं तर. चूक माझी आहे.”

धाकटीने नाव लिहिलं नाही. ‘या खेपेस अन्न पातळ होतं; तळाशी चिकटून मेलेल्या माश्या मोजता आल्या नाहीत’ एवढं तिने वहीत लिहिलं आणि खाली तारीख घातली. सगळ्यांच्याच बाटल्यांत आखूड माश्या कमी पडायला हव्या होत्या, आणि वह्यांत मात्र अकराच्या अकरा जणांचं पाऊण-पाव आलं होतं. हे लक्षात आलं तसं तिला आधी हसू फुटलं आणि मग भयंकर चीड आली.

आईने पहिली कुपी संपवली. “तीनशे चाळीस.”

धाकटीने श्वास सोडला. आईने दुसरी कुपी ओतली. यात फार वेळ लागायचं कारण नव्हतं, पण ती एका माशीपाशी अडली. तिने ती ब्रशने उलटवली, परत सुलटी केली, दिवा जवळ ओढला.

“ही इथली नाही,” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“बघ ना. बाकीच्यांच्या पंखांची कड गुळगुळीत आहे. मुळातच तेवढे वाढलेत. हिची कड फाटलीय. ही मोडलेली आहे गं, आखूड नाही. तुझ्याच ब्रशने मोडली असणार.” आई भिंगापासून दूर झाली. “मोडलेलं वेगळं आणि घडतानाच कमी पडलेलं वेगळं. पोरींना पहिल्या दिवशी हेच शिकवते मी.”

धाकटीने पाहिलं. आई म्हणत होती ते खरं होतं. एका पंखाच्या टोकाशी फाटकी झालर स्पष्ट दिसत होती. आपण ती आखूड म्हणून मोजली होती.

“म्हणजे तीनशे एक्केचाळीस आणि एक्काहत्तर,” आई म्हणाली. तिने डगल्याला हात पुसले. मग ती लेकीकडे वळली आणि तिचा आवाज बदलला. तो आता घरातला आवाज राहिला नव्हता. “हे बघ, सोमवारी मी बोलले ते सोडून दे. मी मोजलेलं नव्हतं तेव्हा. आता मोजलंय. आता कुणी यातली एक जरी इकडची तिकडे कर म्हणालं, तर त्याला माझ्याकडे पाठव.”

“वर्ष जाईल, आई.”

“जाऊ दे. कारखान्यात मी सांगेन काय सांगायचं ते.” आईने पिशवी उचलली. “तुझं ते एक मात्र दुरुस्त कर. बहात्तर चुकीचं आहे.”

त्या दिवशी पाऊणसर आपल्या खोलीत पाचपर्यंत वाट बघत बसले. नवं पान आलं नाही.

शुक्रवारी बाहेरच्या परीक्षक आल्या. पिकल्या केसांच्या, सर्दीने नाक लाल झालेल्या बाई. टेबलाच्या एका बाजूला त्या, दुसऱ्या बाजूला सर, आणि मध्ये वह्यांचा गठ्ठा. बाहेर व्हरांड्यात बाकी अकरा जण आपापले आकडे पाठ करत बसले होते.

धाकटीची वही उघडताच सरांनी घसा खाकरला. “या विद्यार्थिनीच्या प्रयोगात जरा गडबड झाली आहे.”

“हो,” धाकटी म्हणाली. “माझा आकडा चुकला आहे. दुरुस्त करायची परवानगी हवी.”

सरांचा चेहरा असा उजळला की तिला त्यांची क्षणभर दयाच आली. “कर, कर,” ते बाईंकडे बघून घाईघाईने म्हणाले. “मुलगी हुशार आहे तशी. उशिरा का होईना, उमजलं.” त्यांनी स्वतःचं पेन पुढे केलं.

धाकटीने तीनशे चाळीसवर आडवी रेघ मारली आणि वर तीनशे एक्केचाळीस लिहिलं. बहात्तरवर रेघ मारली आणि एक्काहत्तर लिहिलं. शेजारी सही केली. वही परत ठेवली.

सरांनी वाकून पाहिलं. मग पुन्हा पाहिलं. “अगं, हा तर आणखी लांब गेला!”

“हो, सर.”

“एका माशीसाठी खाडाखोड?” बाईंनी रुमालाआडून विचारलं.

“एकीचा पंख माझ्या हातून मोडला होता. मी ती आखूड धरली होती. ती लांब आहे.” तिने दोन्ही कुप्या टेबलावर ठेवल्या. “सगळ्या इथे आहेत. अन्न पातळ होतं, आखूड पंखांच्या माश्या त्यात रुतून मेल्या असाव्यात. असाव्यात म्हणतेय, कारण तळाच्या ओळखू आल्या नाहीत. खात्रीने एवढंच सांगते, की जिवंत निघाल्या त्या एवढ्या.”

सरांचा संयम सुटला. त्यांनी गुणपत्रक ओढलं आणि तिच्या नावापुढे भलंमोठं शून्य काढलं. “मी सोमवारीच बजावलं होतं.”

धाकटीने गुणपत्रकाकडे पाहिलं. शून्य तिला उलटं दिसत होतं, पण उलटं दिसलं म्हणून ते काही कमी होत नव्हतं. व्हरांड्यातली कुजबूज थांबली होती. हीच वेळ होती. अजूनही ‘चुकले’ म्हणता आलं असतं.

“शून्यापुढे कारणाचा रकाना आहे, सर,” ती म्हणाली. “तो भरा.”

सरांनी रागारागाने लिहिलं: आकडा जुळत नाही.

“कशाशी?”

“काय?”

“कशाशी जुळत नाही, तेही लिहा. माश्यांशी तर जुळतो. हवं तर आत्ता मोजून बघा, मी थांबते.” तिने कुप्या सरांच्या बाजूला सरकवल्या. “नापास करायचं तर करा. पुढच्या वर्षी मी परत येईन. परत पहाटे येईन, परत मोजीन, आणि निघेल तेच लिहीन. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच करीन. तुम्ही दमाल, सर, मी नाही दमणार.”

त्या कागदावर सरांच्या सहीखाली बाईंचीही सही लागणार होती. बाईंनी पेनचं टोपण काढलं होतं आणि त्या वाट बघत होत्या. सरांचं पेन ‘नाही’च्या पुढे टेकलं. चौदा वर्षांत एकदाही न चुकलेला प्रयोग त्यांच्यापुढे पडला होता आणि रकान्यात एकच शब्द बसत होता. ‘पुस्तकाशी’ असं लिहून त्याखाली सही करायला त्यांचा हात धजेना.

“लिहा ना,” बाई म्हणाल्या. “मलाही वाचायचंय.”

सरांनी खूप वेळाने शून्यावर रेघ मारली. वर चौदा लिहिलं. वीसपैकी चौदा. खाडाखोडीशेजारी सही केली, तिच्याकडे न बघता.

“जा तू,” बाई म्हणाल्या. “कुप्या मात्र राहू देत इथेच.”

धाकटी दारापर्यंत गेली तेव्हा पुढचा मुलगा आत येत होता. इस्त्रीचा सदरा, छातीशी धरलेली वही, वहीत तीनशे चार आणि एकशे चार. बाईंनी त्याला बसायला सांगितलं, त्याची वही घेतली आणि न उघडताच टेबलावर ठेवली.

“बाळ,” त्या म्हणाल्या, “तुझ्या माश्या कुठे आहेत?”